लिनक्सवर मोबाईलचे इंटरनेट: केबलपासून दूरच्या संगणकापर्यंत

इंदूरच्या सुदामानगरातील एका गृहस्थांनी सविस्तर प्रश्न विचारला आहे. रस्त्याच्या खोदकामात तार तुटून त्यांच्या घरचे ब्रॉडबँड वरचेवर बंद पडते. घरी लिनक्स मिंट ही कार्यप्रणाली असलेला जुना लॅपटॉप आणि अँड्रॉइड फोन आहे. फोन मॉडेम म्हणून वापरण्यासाठी त्यांनी एका जुन्या मार्गदर्शिकेप्रमाणे डब्ल्यूव्हीडायल हा प्रोग्रॅम बसवला, पण मॉडेम सापडला नाही, एवढेच सांगून तो थांबतो. नुसती केबल लावून टेदरिंग, म्हणजे फोनचे इंटरनेट संगणकाला देण्याची सोय, चालू केले, तर कधी काम होते आणि कधी फोनवर पाने उघडतात पण लॅपटॉपवर उघडत नाहीत. काम होते त्या दिवशी दुपारपर्यंत डेटा संपलेला असतो. शिवाय पीथमपूरच्या कचेरीतून घरच्या लॅपटॉपवर पोहोचायचे आहे, आणि फोनच्या जोडणीवरून तेही जमत नाही.

या चारही अडचणींचे मूळ एकच आहे. आजचा फोन संगणकाला जोडला की तो एका लहान राउटरचे काम करतो, आणि आपण मात्र त्याच्याशी टेलिफोनच्या तारेवरील मॉडेमसारखे वागत राहतो. एवढे एक ध्यानात घेतले, तर पुढची बहुतेक उत्तरे आपोआप सापडत जातात.

ती जुनी मार्गदर्शिका तिच्या काळापुरती अचूक होती. टूजीच्या दिवसांत फोन यूएसबीवरून संगणकाला एक सिरियल पोर्ट देत असे, आणि लिनक्सवर त्याला टीटीवायएसीएम शून्य असे नाव मिळे. डब्ल्यूव्हीडायल त्या पोर्टवर मॉडेमच्या एटी आज्ञा पाठवून कंपनीचा एपीएन, म्हणजे तिच्या इंटरनेटच्या प्रवेशद्वाराचे नाव, कळवी, तारांकित नव्याण्णव हा क्रमांक फिरवी, आणि मग पीपीपीडी हा प्रोग्रॅम दुवा उभा करी. आयपी पत्ता थेट संगणकाला मिळत असे. एज या टूजीच्या सुधारित सेवेचा वेग कागदावर सेकंदाला 236.8 किलोबिटपर्यंत होता, आणि साध्या जीपीआरएसवर त्याच्या पाचव्या हिश्श्यावरही समाधान मानावे लागे. आता कंपनीशी बोलणे, पत्ता मिळवणे, तो पत्ता अनेक उपकरणांत वाटून देणे ही सगळी कामे फोन स्वतःच करतो आणि संगणकापुढे केवळ एक नेटवर्क कार्ड म्हणून उभा राहतो. सिरियल पोर्टच नसल्यामुळे डब्ल्यूव्हीडायलला काही सापडणार नाही, म्हणून ते आणि त्याची सेटिंगची फाइल दोन्ही काढून टाकावे. अपवाद फक्त जुन्या बटणाच्या फोनचा. तो खरोखरच सिरियल पोर्ट देत असेल, तर लिनक्सवरील जोडण्या सांभाळणाऱ्या नेटवर्कमॅनेजरमधील मोबाईल ब्रॉडबँडचा पर्याय देश आणि कंपनी विचारून उरलेले काम स्वतः करतो, आणि त्यासाठीही हाताने काही लिहिण्याची गरज पडत नाही. जिओचे सिम मात्र अशा टूजी फोनमध्ये निरुपयोगी आहे, कारण 2016 साली सेवा सुरू झाली तेव्हापासूनच त्या कंपनीकडे टूजी किंवा थ्रीजी नाही.

आता केबल. फोनबरोबर न आलेल्या, बाजारातून स्वस्तात घेतलेल्या अनेक केबलींमध्ये केवळ वीज वाहून नेणाऱ्या तारा असतात आणि डेटाच्या दोन तारा मुळातच नसतात. अशा केबलीवर फोन व्यवस्थित चार्ज होतो, त्यामुळे तिच्यावर कोणाचा संशय जात नाही. खात्री करण्यासाठी टर्मिनलमध्ये कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नोंदी दाखवणारी डीमेसेज ही आज्ञा सुडोसह, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, आणि डब्ल्यू हा पर्याय लावून चालू ठेवावी, आणि मग फोन जोडावा. क्षणभरात नवे यूएसबी उपकरण सापडल्याची ओळ आणि तिच्याखाली फोन बनवणाऱ्या कंपनीचे नाव दिसले पाहिजे. पडदा जसाच्या तसा राहिला, तर दोष केबलीचा किंवा लॅपटॉपच्या त्या पोर्टचा आहे, आणि सॉफ्टवेअरमध्ये शोधाशोध करण्यात अर्थ नाही.

ओळ दिसली की फोनच्या सेटिंग्जमध्ये हॉटस्पॉट आणि टेदरिंग या भागात जाऊन यूएसबी टेदरिंग चालू करावे. डेटाची केबल ओळखली गेली नसेल, तर हे बटण फिके राहते आणि दाबले जात नाही, म्हणजे फोनच्या बाजूनेही तीच परीक्षा होते. बटण चालू केल्यावर डीमेसेजमध्ये उपकरण तुटून पुन्हा जोडले गेल्याचे दिसेल. त्याने घाबरून जाऊ नये, कारण फोन आपली जुनी ओळख टाकून नेटवर्क कार्ड म्हणून नव्याने नोंद करत असतो. त्यानंतरच्या ओळीत आरएनडीआयएस होस्ट किंवा सीडीसी एनसीएम या ड्रायव्हरचे नाव येते, प्रथम यूएसबी शून्य असे इंटरफेसचे, म्हणजे त्या नेटवर्क कार्डाचे, नाव मिळते, आणि लगेच ते ईएनपी किंवा ईएनएक्सने सुरू होणाऱ्या लांबलचक नावात बदलते. आरएनडीआयएस ही मायक्रोसॉफ्टने आखलेली पद्धत आहे आणि जुने बहुतेक अँड्रॉइड फोन ती वापरतात. सुरक्षेच्या दृष्टीने ती कच्ची असल्यामुळे लिनक्स कर्नलमधून ती काढून टाकावी, असा विचार कर्नलच्या जाणकारांनी मांडलेला आहे. नव्या काही फोनांत तिच्या जागी एनसीएम आलेले आहे आणि ते अधिक चांगले आहे. मिंटच्या कर्नलमध्ये दोन्ही ड्रायव्हर आधीपासून असतात, वेगळे काही बसवावे लागत नाही.

येथे एक आग्रहाची सूचना. टेदरिंगसाठी यूएसबी डीबगिंग चालू करा, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. त्याचा टेदरिंगशी काहीही संबंध नाही. ते चालू राहिले, तर आपण परवानगी दिलेल्या संगणकाला फोनच्या आत फार खोलवर जाता येते, म्हणून ते बंदच ठेवावे.

घरात कोणाकडे आयफोन असेल, तर लिनक्सवर त्यासाठी आयपीहेथ हा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे, आणि सोबत यूएसबीमक्सडी व लिबआयमोबाइलडिव्हाइस ही पॅकेजे असावी लागतात. फोनवर या संगणकावर विश्वास ठेवायचा का, असा प्रश्न येतो. त्याला होकार दिल्याशिवाय पत्ता मिळत नाही.

इंटरफेस उभा राहिल्यावर पत्ता मिळाला का, ते आयपी ए या आज्ञेने पाहावे. जुन्या अँड्रॉइडवर हा पत्ता नेहमी 192.168.42 ने सुरू होई आणि फोनचा स्वतःचा पत्ता 192.168.42.129 असे, म्हणून जुन्या मार्गदर्शिकांत तो सरळ लिहून दिलेला असतो. अँड्रॉइड 11 पासून ही पट्टी ठरलेली राहिलेली नाही, त्यामुळे हाताने पत्ता भरण्याच्या फंदात न पडता तो डीएचसीपीवर, म्हणजे आपोआप पत्ता वाटणाऱ्या पद्धतीवर, सोडावा. पत्ता 169.254 ने सुरू होत असेल, तर फोनकडून उत्तरच आलेले नाही आणि लॅपटॉपने आपल्या मनाने पत्ता घेतलेला आहे. अशा वेळी टेदरिंग बंद करून पुन्हा चालू करावे. मिंटवर हे बहुधा पुरते. डेबियन या लिनक्सचा सर्व्हर असेल, तर एनएमसीएलआय डिव्हाइस या आज्ञेत हा इंटरफेस अनमॅनेज्ड तर दाखवला जात नाही ना, हेही पाहावे.

पत्ता ठीक असेल तर पुढचे निदान तीन पिंगमध्ये, म्हणजे उत्तर येते का हे पाहणाऱ्या लहान पॅकेटांमध्ये, होते. पहिला पिंग आयपी रूट या आज्ञेत दिसणाऱ्या गेटवेला, म्हणजे फोनला. दुसरा 1.1.1.1 सारख्या बाहेरच्या पत्त्याला. तिसरा एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला. पहिला फसला तर दोष फोन आणि लॅपटॉप यांच्यामध्ये आहे, दुसरा फसला तर फोन आणि कंपनी यांच्यामध्ये, आणि केवळ तिसरा फसला तर डीएनएसमध्ये, म्हणजे नावाचा पत्ता शोधून देणाऱ्या व्यवस्थेत. निम्म्याहून अधिक तक्रारींमध्ये माणसे हा क्रम सोडून थेट ब्राउझरवर संतापत बसतात आणि त्यात त्यांचा सबंध दिवस जातो, हे पाहून मला खरोखर वाईट वाटते, कारण या तपासणीला पाच मिनिटेही लागत नाहीत.

फोनवर चालते पण लॅपटॉपवर चालत नाही, ही तक्रार अधिक खोलात जाऊन पाहण्यासारखी आहे, कारण तिची कारणे एकाहून अधिक आहेत.

दुसरा पिंगच फसत असेल, तर प्रथम फोनमधील एपीएनच्या नोंदीत एपीएन प्रकार हा रकाना पाहावा. काही फोन टेदरिंगच्या वाहतुकीसाठी डीयूएन हा प्रकार वेगळा मागतात, आणि तो रकान्यात नसला, तर फोनचे स्वतःचे इंटरनेट चालते पण लॅपटॉपचे पॅकेट बाहेर पडत नाहीत. आधीच्या शब्दांपुढे स्वल्पविराम देऊन डीयूएन जोडले आणि फोन एकदा बंद करून चालू केला, की हा दोष जातो. आपल्या योजनेत टेदरिंगला मुभा आहे ना, हेही एकदा पाहून घ्यावे. फोनवर व्हीपीएन चालू असेल, तर तेही बंद करून पाहावे. सर्वसाधारण अँड्रॉइडवर लॅपटॉपची वाहतूक फोनच्या व्हीपीएनमधून जातच नाही, म्हणून व्हीपीएन हवे असेल तर ते लॅपटॉपवरच बसवणे योग्य.

तिन्ही पिंग यशस्वी होतात, काही संकेतस्थळे उघडतात, आणि काही मात्र अर्धवट उघडून तशीच फिरत राहतात, असे असेल तर संशय एमटीयूवर घ्यावा. एका पॅकेटमध्ये जास्तीत जास्त किती बाइट जातील, याची ही मर्यादा. लॅपटॉप यूएसबीच्या इंटरफेसवर 1500 धरून चालतो. मोबाईल कंपनीच्या जाळ्यात मात्र ते पॅकेट दुसऱ्या आवरणात गुंडाळून पुढे जाते आणि आवरणाची जागा वजा होऊन प्रत्यक्ष मर्यादा कमी उरते. मोठे पॅकेट मध्येच टाकून दिले जाते. ते टाकल्याची सूचना परत पोहोचली तर लॅपटॉप लहान पॅकेट पाठवू लागतो, पण वाटेतील एखाद्या फायरवॉलने ती सूचनाही अडवली, तर दोन्ही टोके एकमेकांची वाट पाहत बसतात. लहान पिंग निर्धास्त पोहोचतो आणि पान उघडत नाही, ते यामुळे.

याची परीक्षा अशी. पिंगला एम डू हा पर्याय देऊन पॅकेटचे तुकडे करण्यास मनाई करावी आणि एस या पर्यायाने आकार 1472 ठेवावा. मथळ्याचे 28 बाइट मिळवून हे पॅकेट नेमके 1500 चे होते. ते पोहोचले नाही आणि 1372 चे पोहोचले, तर त्या जोडणीचा एमटीयू 1400 ठेवावा. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये इथरनेटच्या भागात एमटीयूचा रकाना असतो, तेथे हा आकडा भरता येतो. एसएसएचने, म्हणजे दूरच्या संगणकावर आज्ञा देण्याच्या सुरक्षित पद्धतीने, जोडणी होते पण मोठी यादी मागताच पडदा गोठतो, हे याच दोषाचे दुसरे रूप आहे.

आयपीव्ही सिक्सचाही, म्हणजे जुन्या आयपीव्ही फोरनंतर आलेल्या आयपी पत्त्यांच्या नव्या पद्धतीचाही, एक भाग आहे. जिओसारख्या जाळ्यात मुख्य व्यवहार आयपीव्ही सिक्सवर होतो आणि आयपीव्ही फोरची वाहतूक फोन भाषांतर करून पाठवतो. दोहोंपैकी एक बाजू बिघडली, की काही स्थळे चालतात आणि काही बंद पडतात. पिंगला चार आणि सहा हे पर्याय आळीपाळीने देऊन कोणती बाजू आजारी आहे, ते पाहावे. सहाची बाजू बंद असेल, तर तेवढ्या जोडणीपुरते आयपीव्ही सिक्स बंद ठेवून काम चालवता येते. संपूर्ण संगणकात ते कायमचे बंद करण्याचा सल्ला मी देणार नाही.

जुन्या यंत्रांवर हमखास आढळणारे आणखी एक कारण म्हणजे घड्याळ. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली, की यंत्र सुरू होताना तारीख कित्येक वर्षे मागे जाते. मग सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे अजून लागूच झालेली नाहीत, असे ब्राउझर समजतो आणि प्रोग्रॅम बसवणारा एप्टही पॅकेजांची यादी नाकारतो. टर्मिनलमध्ये डेट एवढीच आज्ञा दिली तर हे उघड होते.

आता डेटा दुपारपर्यंत का संपतो. याला अद्ययावतीकरणे जबाबदार असतील, असा बहुतेकांचा अंदाज असतो. तो काही अंशी खरा आहे, परंतु या प्रश्नातील वर्णन पाहता माझा पहिला संशय मार्गाच्या क्रमावर आहे. नेटवर्कमॅनेजर प्रत्येक जोडणीला एक मेट्रिक देतो आणि लहान आकड्याची जोडणी आधी वापरतो. तारेच्या जोडणीला 100, वायफायला 600 आणि ब्लूटूथला 750 असा त्याचा रिवाज आहे. यूएसबी टेदरिंग हे त्याच्या दृष्टीने तारेचे कार्डच असते, म्हणून त्याला 100 मिळतात. याचा अर्थ असा की घरचे ब्रॉडबँड पूर्ववत झाले आणि लॅपटॉप वायफायला जोडला गेला, तरी फोनची केबल लागलेली आणि टेदरिंग चालू असेपर्यंत सगळी वाहतूक फोनवरूनच जात राहते. पडद्यावर वायफायचे चिन्हही दिसू शकते आणि डेटा मात्र सिमचा कापला जातो.

यासाठी फोनच्या जोडणीचे एक पक्के प्रोफाइल करून त्यात आयपीव्ही फोर आणि आयपीव्ही सिक्स दोन्हींचे रूट मेट्रिक 700 ठेवावे, म्हणजे वायफाय असताना फोन मागे राहील. मात्र येथे एक अडचण येते. अनेक फोन दर वेळी टेदरिंग चालू करताना नवा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क कार्डाचा ओळखक्रमांक, घेतात, म्हणून लॅपटॉपला प्रत्येक वेळी नवे कार्ड आल्यासारखे वाटते आणि वायर्ड कनेक्शन एक, दोन, तीन अशी प्रोफाइले साचत जातात. आपण एकात केलेली सेटिंग दुसऱ्यात नसते. प्रोफाइल मॅक पत्त्याला किंवा इंटरफेसच्या नावाला न बांधता ड्रायव्हरला बांधावे, हा यावरचा नेमका उपाय. एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय या आज्ञेने मॅच डॉट ड्रायव्हर या गुणधर्मात डीमेसेजमध्ये दिसलेले ड्रायव्हरचे नाव भरावे, मॅक पत्त्याचा आणि इंटरफेसच्या नावाचा रकाना रिकामा ठेवावा, आणि साचलेली जुनी प्रोफाइले पुसून टाकावीत. वर सांगितलेला एमटीयू आणि पुढे सांगितलेली मीटर्डची खूण याच प्रोफाइलमध्ये ठेवली, की ती दर वेळी लागू होते. नेटप्लॅन वापरणाऱ्या उबुंटू सर्व्हरवरही मॅच या शीर्षाखाली ड्रायव्हरचे नाव देऊन हेच साधते.

सुदामानगरच्या परिस्थितीत यातही एक मेख आहे. रस्त्यात तार तुटली तरी घरातला वायफाय राउटर चालूच असतो. लॅपटॉप त्याला जोडलेलाच राहतो, त्याचे मेट्रिक 600 असते, आणि फोनला आपण 700 दिलेले असतात. मग इंटरनेट नसलेल्या वायफायकडेच वाहतूक जाईल. नेटवर्कमॅनेजरमध्ये जोडणीपलीकडे खरोखर इंटरनेट आहे का, हे ठरावीक अंतराने तपासण्याची सोय आहे. ती चालू असेल, तर इंटरनेट न सापडलेल्या जोडणीच्या मेट्रिकमध्ये तो 20000 मिळवतो. वायफाय 20600 वर जाते, फोन 700 वर राहतो, आणि कोणी हात न लावता वाहतूक फोनकडे वळते. तार जोडली गेली, की ती पुन्हा वायफायकडे येते. ही सोय चालू आहे की नाही, ते एनएमसीएलआय नेटवर्किंग कनेक्टिव्हिटी चेक या आज्ञेच्या उत्तरावरून आणि नेटवर्कमॅनेजरच्या सेटिंगच्या फाइलीवरून कळते. बंद असेल तर चालू करावी. ज्यांच्याकडे ब्रॉडबँड वारंवार तुटते, त्यांच्यासाठी या संपूर्ण उत्तरातील सर्वांत उपयोगी गोष्ट हीच आहे.

मीटर्डची खूण म्हणजे या जोडणीवर मोजून पैसे लागतात, असे संगणकाला सांगणे. अँड्रॉइड फोन पत्ता देतानाच तशी सूचना पाठवतो आणि नेटवर्कमॅनेजर ती ओळखतोही, पण आपण प्रोफाइलमध्ये ती स्पष्ट यस करून ठेवणे बरे. ही खूण पाळणे मात्र त्या त्या प्रोग्रॅमच्या हाती असते. आपोआप अद्ययावतीकरण करणारी अनअटेंडेड अपग्रेड्स ती पाळते, स्नॅप या प्रोग्रॅम बसवण्याच्या पद्धतीला रिफ्रेश डॉट मीटर्ड होल्ड असे सांगावे लागते, आणि हाताने चालवलेले एप्ट तिच्याकडे पाहत नाही. मिंटच्या अपडेट मॅनेजरमधील आपोआप होणारी कामे बंद ठेवून, ब्रॉडबँड असेल त्या दिवशी ती स्वतः करावीत. फ्लॅटपॅक या तशाच दुसऱ्या पद्धतीच्या बाबतीत विशेष जपावे, कारण लहानशा प्रोग्रॅमबरोबर येणारा त्याचा पाया शेकडो मेगाबाइटचा असू शकतो. कोणता प्रोग्रॅम किती खातो, ते नेटहॉग्ज दाखवतो आणि दिवसाचा हिशेब व्हीएनस्टॅट ठेवतो.

रोजची मर्यादा संपल्यावर आपल्याकडील बहुतेक योजनांत वेग 64 केबीपीएसवर येतो. सेकंदाला 8 किलोबाइट, म्हणजे 100 मेगाबाइटला साधारण साडेतीन तास. एवढ्या अरुंद वाटेत पाठीमागे चालणारे एखादे डाउनलोडही सगळी जागा अडवते, म्हणून त्या वेळी प्रथम नेटहॉग्ज पाहून नको ते प्रोग्रॅम बंद करावेत.

याच संदर्भात फारशी माहीत नसलेली एक सोय सांगतो. फोन स्वतः वायफायला जोडलेला असेल, तर यूएसबी टेदरिंगवरून लॅपटॉपला त्या वायफायचेच इंटरनेट मिळते आणि सिमचा डेटा खर्च होत नाही. ज्या जुन्या लॅपटॉपांतील ब्रॉडकॉमचे वायफाय कार्ड लिनक्स बसवल्याबरोबर चालत नाही, त्यांच्यासाठी फोन हेच तात्पुरते वायफाय कार्ड होते. फोन जोडावा, हवा तो ड्रायव्हर उतरवून घ्यावा, आणि फोन काढून टाकावा. 2023 च्या जूनमध्ये आलेल्या डेबियन 12 च्या आधी अधिकृत डिस्कवर असे फर्मवेअर (कार्ड चालवण्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर) नसे, आणि तेव्हा नवख्या माणसाला डेबियन बसवून देताना याच युक्तीने अनेकदा काम निभावले आहे.

वायफाय हॉटस्पॉट आणि ब्लूटूथ यांविषयी थोडक्यात. एकाहून अधिक उपकरणे असतील तेव्हा हॉटस्पॉट सोयीचा, पण फोनची बॅटरी झपाट्याने उतरते आणि कोणी जोडलेले नसेल तर काही फोन तो आपोआप बंद करतात. ब्लूटूथचा वेग सेकंदाला एक-दोन मेगाबिटच्या घरात राहतो, पत्रव्यवहाराला पुरतो, आणि वीज कमी लागते. एका जागी बसून काम असेल तर केबलच घ्यावी.

केबलीचा आणखी एक लाभ आहे. राजवाड्याच्या मागच्या गल्ल्यांतील जाड भिंतींच्या जुन्या वाड्यांत मधल्या खोलीत सिग्नल जवळजवळ पोहोचत नाही. तेथे फोन खिडकीत ठेवून लांब केबल लॅपटॉपपर्यंत आणावी. यूएसबी 2.0 ची साधी केबल 5 मीटरपर्यंत चालते, त्यापुढे वीज घेणारी विस्तारक केबल लागते. फोनच्या माहितीत सिमच्या स्थितीखाली सिग्नलचा आकडा असतो. फोरजीवर तो उणे 90 च्या आसपास असेल तर उत्तम, उणे 110 च्या पलीकडे गेला तर जागा बदलावी. खिडकीत ऊन येत नाही ना, एवढे पाहावे, कारण चार्जिंग आणि डेटा एकाच वेळी चालू असताना फोन आधीच तापलेला असतो, आणि अधिक तापल्यावर तो वेग कमी करतो. माळव्यातल्या मे महिन्यात फोनचे कव्हर काढून ठेवणेही उपयोगी पडते.

घरातील दुसऱ्या संगणकाला हेच इंटरनेट तारेने द्यायचे असेल, तर लॅपटॉपच्या इथरनेट जोडणीत आयपीव्ही फोरची पद्धत शेअर्ड टू अदर कॉम्प्युटर्स अशी निवडावी. लॅपटॉप स्वतः 10.42.0.1 हा पत्ता घेतो आणि पलीकडच्या यंत्राला पत्ता वाटतो.

शेवटचा प्रश्न पीथमपूरहून घरी पोहोचण्याचा. राउटरवर पोर्ट उघडण्याची जी पद्धत ब्रॉडबँडवर चालते, ती येथे चालणार नाही. मोबाईल कंपन्या एकेक सार्वजनिक आयपीव्ही फोर पत्ता पुष्कळ ग्राहकांत वाटतात, आणि फोनला मिळतो तो आतला पत्ता, बहुधा 100.64 ते 100.127 या पट्टीतला किंवा 10 ने सुरू होणारा. बाहेरून आलेली जोडणी नेमकी कोणाकडे पाठवायची, हे कंपनीच्या यंत्राला ठाऊकच नसते. आयपीव्ही सिक्सचा पत्ता खरोखर सार्वजनिक असतो, पण बाहेरून सुरू झालेली जोडणी त्यावरही सहसा आत सोडली जात नाही.

म्हणून जोडणीची सुरुवात घरच्या लॅपटॉपने करावी आणि ती उघडी ठेवावी. सार्वजनिक पत्ता असलेला एखादा लहानसा भाड्याचा सर्व्हर मध्ये घ्यावा. घरचा लॅपटॉप आणि कचेरीतला संगणक दोघेही वायरगार्ड या व्हीपीएनने त्या सर्व्हरला जोडावेत, आणि घरच्या बाजूला पर्सिस्टंट कीपअलाइव्ह 25 ठेवावे, म्हणजे दर 25 सेकंदांनी एक लहान पॅकेट जाऊन कंपनीच्या यंत्रातील नोंद जिवंत राहील. वायरगार्ड 2020 साली आलेल्या लिनक्स 5.6 पासून कर्नलचाच भाग आहे, त्यामुळे मिंटवर केवळ त्याची साधने बसवावी लागतात. कचेरीच्या फायरवॉलमधून यूडीपी, म्हणजे वायरगार्ड वापरते ती पॅकेटांची पद्धत, जात नसेल, तर एसएसएचचा उलटा बोगदा वापरावा: घरच्या लॅपटॉपने आर हा पर्याय देऊन सर्व्हरवरील एखादे पोर्ट आपल्या 22 क्रमांकाच्या पोर्टला जोडून ठेवावे, आणि जोडणी तुटल्यास ती पुन्हा उभी करण्यासाठी ऑटोएसएसएच लावावे. मला स्वतःला वायरगार्ड अधिक भरवशाचे वाटते, कारण फोनने टॉवर बदलला आणि पत्ता बदलला तरी ते पुन्हा जुळते, एसएसएच मात्र अशा वेळी लटकून राहते. कचेरीच्या संगणकावर यापैकी काहीही बसवण्यापूर्वी तेथील जबाबदार माणसाची परवानगी अवश्य घ्यावी.

अशा देखरेखीशिवाय चालणाऱ्या व्यवस्थेत फोनच मध्ये बंद होऊन चालू झाला, तर टेदरिंग आपोआप सुरू होत नाही. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये डिफॉल्ट यूएसबी कॉन्फिगरेशन या ठिकाणी यूएसबी टेदरिंग निवडून ठेवले, तर केबल जोडलेला फोन अनलॉक होताच ते चालू होते. पण अनलॉक करायला घरी कोणीतरी असावे लागते. ती वेळ येऊ नये म्हणून त्या फोनची रात्री आपोआप होणारी सिस्टीम अद्ययावतीकरणे बंद करावीत, लॅपटॉपच्या वीज-बचतीच्या सेटिंगमध्ये यूएसबी ऑटोसस्पेंडमधून हा फोन वगळावा, आणि झाकण लावल्यावर लॅपटॉप झोपी जाणार नाही, अशी तजवीज घरून निघण्यापूर्वी करून ठेवावी.